मामंजींना राग येता कामा नये

मालवण, ६ जानेवारी १९६३

आजपासून या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, असा डॉक्टर गवाणकरांचा हुकूम आहे. घरात माणसं दोन. एक मामंजी, म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, त्यांना ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही. दुसरी मी. तेव्हा हुकूम कोणासाठी आहे ते उघडच आहे. ह्यांनी मुंबईहून ऑफिसची डायरी आणून दिली होती, ती कोरी पडून होती. तोंड बंद ठेवायचं तर हात तरी चालू दे.

झालं असं. गुरुवारी दुपारी मामंजी बांगड्याची कढी आणि भात जेवले आणि ओट्यावर पान लावत बसले. एकदम उठले, तुळशीपर्यंत गेले आणि ओकले. आधी चहाच्या चोथ्यासारखं काळपट, मग लाल. मी हाक मारली तसा शेजारचा मुस्तफा धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. किती दिवस दुखतंय म्हणून विचारलं, तर मामंजी म्हणाले, "दोन दिस." दिवाळीपासून जेवल्यावर पोटात मूठ खुपसून बसतात, ते काय मला दिसत नव्हतं? पण सुनेने मध्ये बोलायचं नसतं.

"पोटात अल्सर दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे जठराला आतून जखम झाली आहे. पण खात्री करायला कोल्हापूरला जाऊन एक्स-रेचा फोटो काढावा लागेल. या वयात काढलेला बरा."

"फोटो माका नको. मेल्यार भिंतीर लावूक एक आसा," मामंजी म्हणाले.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "यांना राग येता कामा नये. राग आला की पोटात आम्ल सुटतं आणि जखम चिघळते. सांभाळून घ्या."

आणि मला राग आला तर काय सुटतं, असं विचारणार होते. मान हलवली.

९ जानेवारी

दर दोन तासांनी दूध. मध्ये पांढरी पूड पाण्यातून. जेवणाआधी बेलाडोनाचे थेंब. पेज मऊ, भात मऊ, मिरची नाही, तिरफळ नाही, मासळी नाही, पान नाही, चहा नाही. बोटीवर पन्नास माणसांना दरडावलेला माणूस, त्याला मी भांड्यातून दूध द्यायचं.

"माका काय वासरू समजलंस?" म्हणाले आणि भांडं भिंतीवर मारलं. दूध पार खुंटीवरच्या छत्रीपर्यंत उडालं. मी फडकं घेतलं. भिंत पुसली, जमीन पुसली, छत्री धुतली. पुसता पुसता छातीच्या खाली, एक बोट टेकेल एवढ्याच जागी, निखारा ठेवल्यासारखं जळायला लागलं. रागाने, दुसरं काय. तीन वाजता गार भात खाल्ला तेव्हा शांत झालं.

१७ जानेवारी

ह्यांचं पत्र आलं. बाबांना सांभाळ, त्यांना दुखवू नकोस, लवू मजेत आहे. मी कशी आहे ते विचारायला पोस्टकार्डावर जागा उरली नसेल.

लवू माझा एकुलता मुलगा, तेरा वर्षांचा. गेल्या मे महिन्याअखेर त्याला मुंबईला बापाकडे शिकायला पाठवला. ठरवलं मामंजींनी. "हयसर ऱ्हवान काय करतलो? जाळी ओढतलो?" म्हणाले. ह्यांनी होकार दिला. लवूची पेटी भरायला मात्र मला बोलावलं. पडावात बसताना पोराने मागे वळून पाहिलं, तेव्हा मामंजी धक्क्यावरून त्याच्यावर ओरडले, "फुडे बघ, पडशीत." त्या दिवशीही मी काही बोलले नव्हते. तेव्हा तर डॉक्टरांचा हुकूमही नव्हता.

३० जानेवारी

रमजान सुरू झाला आहे. मुस्तफाची बायको बदरुन्निसा दुपारी माझ्या मागच्या पडवीत येऊन बसते. तिच्या घरात पोरांचा गलका, आणि उपाशीपोटी तो सहन होत नाही म्हणते. आज माझ्याकडे बघून म्हणाली, "विमल, रोजे मी धरतंय का तू? तोंड बघ कसा पांढराफटक झाला."

मी हसले. कोणाला सांगू? मामंजींचं दूध, पेज, औषध संपेपर्यंत माझं जेवण तीनच्या पुढे जातं. रात्री पुन्हा तेच. दोन घास खाऊन पडते, आणि मध्यरात्री त्याच जळजळीने जाग येते. उठून अंधारातच डब्यातली भाकरी चावते, तेव्हा कुठे डोळा लागतो. मनात राग घेऊन झोपलं की असंच होणार.

आज सकाळी मामंजी म्हणाले, "रात्री उठान डब्यात हात घालतंस?"

म्हणजे आता माझ्या भाकरीवरसुद्धा पहारा. या घरात सोळा वर्षं भाकऱ्या थापते आहे मी.

६ फेब्रुवारी

सकाळपासून ओट्यावर बसून माझ्यावर नजर ठेवतात. उठले की बघतात, बसले की बघतात.

"जेवलंस कधी?"

"तिनाक."

"काय जेवलंस?"

"भात."

"किती?"

मी काय त्यांच्या बोटीवरचा खलाशी आहे? तोंडातून शब्द आला होता, गिळला. तो शब्द नेमका त्या बोटभर जागेवर जाऊन बसला.

आज अर्धं दूध पिऊन भांडं माझ्यापुढे सरकवलं. "ह्या तू पी." उष्टं दूध! स्वतःला नको म्हणून मला. मी त्यांच्या देखत केळीच्या बुंध्यात ओतून आले. ते बघत राहिले, पण ओरडले नाहीत. डॉक्टरांचा धाक असेल.

८ फेब्रुवारी

आज मामंजींनी तोंड लावायच्या आधी अर्धं दूध दुसऱ्या वाटीत ओतलं आणि म्हणाले, "आता उष्टा नाय." मी रागानेच पिऊन टाकलं. बदरुन्निसाच्या म्हशीचं दूध फुकट घालवायचं जिवावर येतं. पोटात गेल्यावर जरा बरं वाटलं, ती गोष्ट वेगळी.

आता प्रत्येक वेळी तेच. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. डॉक्टरांनी पेशंटला सांगितलेलं दूध पेशंट पीत नाही, आणि उद्या काही झालं तर बोल मला. म्हणतील सून चोरून प्यायची.

१४ फेब्रुवारी

आजचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी विहिरीवर कळशी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला धरून बसले. दोन दिवस परसाकडे डांबरासारखं काळं होतंय, नाचणीची भाकरी जास्त खाल्ली जाते त्याने असेल. कळशी तिथेच ठेवून घरात आले, तर मामंजी दारात.

"विमला," म्हणाले, "तुका परसाकडे कसा होता?"

सासऱ्याने सुनेला विचारायची ही गोष्ट? कान तापले माझे. तशीच बदरुन्निसाकडे गेले आणि तिच्या चुलीपाशी बसून रडले. दुःखाने नाही, रागाने. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती माझ्या बाजूने चार शब्द बोलेल. ती एवढंच म्हणाली, "मगे सांगूचा ना त्यांका."

"तू पण?" म्हटलं आणि उठून आले.

२० फेब्रुवारी

मामंजी काठी घेऊन एकटेच डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आले. पोचायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे, परत आले तेव्हा सदरा घामाने चिकटला होता. मला सांगितलं नाही, नेलं नाही. आल्यावर फर्मान काढलं. "परवा कोल्हापुराक जावचा. फोटो काढूक. तू येवचा माझ्यावांगडा."

दीड महिना डॉक्टर विनवत होते तेव्हा नको. आता यांच्या मनात आलं तर लगेच. मी म्हटलं, मुस्तफाला घेऊन जा. म्हणाले, "मुस्तफा नको. तू."

२२ फेब्रुवारी, कोल्हापूर

दिवसभर एस.टी.त हाडं खिळखिळी झाली. तळेऱ्याला गाडी थांबली. लोक उतरून भजी खात होते. मामंजी हॉटेलवाल्याशी भांडून माझ्यासाठी तापलेलं दूध घेऊन आले आणि सगळ्या गाडीसमोर म्हणाले, "पी." चार माणसं वळून बघायला लागली. स्वतः पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. घाट चढताना खिडकीवर डोकं टेकून डोळे मिटून बसले होते. मानेचं हाड वर आलेलं दिसत होतं. आजारी माणूस हट्टाने उपाशी राहतो आणि धडधाकट माणसाला दूध पाजतो, याला काय म्हणायचं?

संध्याकाळी धर्मशाळेत उतरलो. आता म्हणतात, "आता उद्या फोटो होयसर काय्येक खायचा नाय. पाणी पण नाय. मी उपाशी, तू पण उपाशी."

"माका कित्याक उपास?"

"मी सांगतंय म्हणान."

याच्यापुढे काय लिहू? पोट पेटलं आहे. त्यांच्या उशाशी डब्यात भाकरी आहे आणि ते डब्यावर हात ठेवून झोपले आहेत.

२५ फेब्रुवारी, मालवण

काल उशिरा परत आलो. परवाचं आज लिहिते.

फोटोच्या ठिकाणी बाकावर बसलो होतो. आतून एकाने नाव पुकारलं, "विमला हरिश्चंद्र मयेकर." मला वाटलं चूक झाली. मी उठून म्हटलं, "पेशंट हे आहेत." मामंजी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आत जा."

"मी?"

"जा म्हणतंय मा."

आत काळोख. तिथल्या डॉक्टरांनी लाल काचांचा चश्मा लावला होता, तो खोलीत आल्यावर काढला. एका बाईने पेल्यात पांढरं, दाट, खडूच्या चवीचं औषध दिलं. थंडगार फळीला पोट टेकवून उभी राहिले. डॉक्टर म्हणत, आता प्या, आता थांबा, आता वळा. मी वळत होते. परक्या गावात, परक्या माणसांपुढे, माझ्या पोटाचा फोटो निघत होता आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी समोर बसवून परसाकडे काळं होतं का विचारलं, तेव्हा मी मान हलवली. "तुम्हाला आतड्याच्या तोंडाशी अल्सर आहे. रक्त गेलेलं दिसतंय, डोळे पांढरे पडलेत. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर कठीण होतं. किती दिवस दुखतंय?"

"मला दुखत नाही," मी म्हटलं. "मला राग येतो."

ते हसले नाहीत. "बाई, रागाने परसाकडे काळं होत नाही. ते रक्त आहे."

बाहेर आले ती थेट मामंजींसमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला, तोही कोल्हापूरच्या भर रस्त्यावर. "माका सांगूचा नाय? माझा पोट, आणि माका कळूचा नाय?"

"सांगला असता तर येतलंस?"

"ता माझा मी बघलंय असतंय!"

"बघणारा असतंस तर इतके म्हयने बघलंस नसतंस? मी रात्री उठान भाकरी खातय, तशीच तू खातंस. मी जागेर हात दाबतय, तसोच तू दाबतंस. दुसऱ्याक कळाक नाय. माका कळला."

मग मी विचारलं, "तुमचो फोटो?"

"माझो कित्याक? माझा औषध चालू आसा," म्हणाले आणि स्टँडकडे चालायला लागले. काठीच्या आधाराने, माझ्यापुढे. मी मागून बोलत राहिले. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

५ मार्च

गवाणकर डॉक्टर घरी आले. मला सहा आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितलं. तेच दूध, तीच पूड, तेच थेंब, वर रक्त वाढायला इंजेक्शनं. खाली मान घालून म्हणाले, "जानेवारीपासून तुम्ही रोज माझ्यासमोर उभ्या होता. मी एकदा तुमचीही नाडी बघायला हवी होती."

मी म्हटलं, "हो, बघायला हवी होती." आता मी कोणाची भीड ठेवणार नाही.

मी पडून आहे म्हटल्यावर चूल कोण पेटवणार? मामंजींनी पेटवली. बोटीवर स्वयंपाक्यावर ओरडणं आणि स्वतः पेज करणं यातला फरक त्यांना आज कळला असेल. पेज खाली लागलेली आणि समुद्रासारखी खारट. मी अंथरुणातून ओरडले, मीठ किती घातलात? ते चुलीपाशी ओरडले, तू सांगूक नाय. मी म्हटलं, सोळा वर्षांत कधी विचारलंत? दोघेही तावातावाने बोलत होतो. बदरुन्निसा कुंपणापलीकडून म्हणाली, "डॉक्टरान काय सांगितलेला? दोघांय गप ऱ्हवा." आणि तिनेच वाटीभर मऊ भात पाठवला.

खरं सांगायचं तर त्या भांडणानंतर मला जी झोप लागली तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

२१ मार्च

माझी जळजळ थांबली आहे. रात्री जाग येत नाही. गालांवर रंग आला असं बदरुन्निसा म्हणते.

पण मामंजींचा सदरा खांद्यावरून लोंबतो. माझी अर्धी वाटी मला देतात आणि त्यांची तशीच राहते. आज म्हटलं, तुमचं प्या. तर म्हणाले, "वास येता." मासळीचाही वास येतो म्हणतात. मालवणचा माणूस, आणि मासळीचा वास!

डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी पोट तपासलं आणि मला अंथरुणावरून उठवून ओट्यावर बोलावलं. "विमलाताई, हा साधा अल्सर नसावा. पहिल्या दिवशीच मला शंका होती, म्हणून फोटो काढा म्हणून मागे लागलो होतो. आता हाताला गाठ लागते."

"त्यांना माहीत आहे?"

डॉक्टर रस्त्याकडे बघत म्हणाले, "फेब्रुवारीत एकटेच आले होते ना, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनला मुंबईला जा म्हटलं. म्हणाले, माझं राहू द्या, माझ्या सुनेचं काय ते बघा. तिला कसं न्यायचं ते मी बघतो."

मी उभीच राहिले. दोन पुरुषांनी दवाखान्यात बसून माझं ठरवलं आणि त्यांचंही ठरवलं. घरात मी एकटी, आणि मला दोन्ही कळलं नाही. मला डॉक्टरांच्या पेटीला लाथ मारावीशी वाटली.

२२ मार्च

आज विचारलं. "तुमका म्हायत होता?"

"होता."

"मगे कोल्हापुराक इलात तेव्हा तुमचो फोटो कित्याक काढूक नाय? बाकावर बसान होतात! दार उघडा होता!"

"म्हाताऱ्याचो फोटो काढून काय करतलंस? तुझो काढलो तो कामाक इलो."

"ता ठरवणारे तुमी कोण?"

"सारंग," म्हणाले आणि हसले. त्या हसण्याने मला इतका संताप आला की आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. लवूला पाठवला ते काढलं. पेटी भरली ते काढलं. धक्क्यावर पोर मागे बघत होतं आणि ते त्याच्यावर ओरडले, तेही. ते ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत. माझा दम संपला तेव्हा म्हणाले, "ह्या सगळा गेल्या मे म्हयन्यापासून पोटात ठेवलंस?"

"होय."

"म्हणान थंय भोक पडला."

मग भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने म्हणाले, "हरीक तार कर. पोराक घेवन ये म्हणान सांग."

१८ एप्रिल

मामंजी मंगळवारी पहाटे गेले. हे आणि लवू आधीच आगबोटीने आले होते. शेवटचे काही दिवस त्यांनी फक्त पाणी घेतलं. लवूला जवळ बसवून घेत, पण त्याच्याशी फारसं बोलत नसत. मुंबईतली बोटींची नावं विचारत.

लोक येतात आणि सांगतात, भाग्यवान, फार हाल झाले नाहीत. मी गप्प बसत नाही. सांगते, हाल झाले. मी पाहिले. वेळेवर फोटो काढला असता तर कदाचित झाले नसते. लोकांना ते आवडत नाही.

त्यांनी माझा जीव वाचवला असं हे मला रात्री म्हणाले. हो, वाचवला. पण मला न सांगता वाचवला, आणि स्वतःचा न सांगता घालवला. लोकांना वाटतं मी उपकारांनी वाकले असेन. मला त्यांचा राग येतो. इतका राग त्यांच्या जिवंतपणीही आला नव्हता.

२९ एप्रिल

काल तेरावं झालं. नातेवाईक जमले होते, मागच्या अंगणात चुली पेटल्या होत्या. सकाळी ह्यांनी विषय काढला, लवूला जूनमध्ये परत न्यायचा. मी म्हटलं, लवूला विचारेन आणि मग मी सांगेन. ह्यांनी चमकून पाहिलं. "तू ओरडतेस का?" म्हणाले. मी म्हटलं, ओरडत नाही, बोलते आहे, मोठ्याने.

जेवणाला उशीर झाला. माझी वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी बजावलं आहे, पोट रिकामं ठेवलंत तर जखम पुन्हा उघडेल. ओसरीवर पुरुषांची पहिली पंगत बसली. दोन पंगती झाल्यावर बायका, आणि सगळ्यांनंतर घरची सून. मी भिंतीला टेकवलेला पाट उचलला, पंगतीच्या टोकाला मांडला आणि बसले.

ह्यांची आत्या राधाबाई धावत आली. "विमला, अगो ही पुरुषांची पंगत."

"माझी जेवची वेळ झाली, आत्यानू."

"आज तरी? सासऱ्यांच्या तेराव्याक?"

"आजच."

पंगतीत कुजबुज झाली. कोणी खाकरलं. हे भाताचं पातेलं घेऊन वाढत वाढत येत होते. माझ्यासमोर येऊन थांबले. चेहरा लाल झाला होता. बाजूच्या दोन पाहुण्यांनी वाढलेल्या भाताला हात लावला नव्हता, काय होतंय ते बघत होते. मी पान सरळ केलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांनी मूठभर भात वाढला आणि पुढे जायला निघाले.

"आणखी वाढा," मी म्हटलं.